आमचा सीताफळाचा झोन

पावसाळ्यात आमच्या बीडच्या काळ्या रानातून चाललं की चपलेला मातीचे थर चढत जातात. आधी तळव्याला, मग कडेला, मग टाचेला. शंभर पावलांवर माणूस चार बोटं उंच होतो आणि चालणं मात्र मुश्कील! कृषी सहायकाच्या नोकरीत किस्से असेच चिकटतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. गावात जायचं, कागद दाखवायचा, सही घ्यायची, परत यायचं. घरी आल्यावर लक्षात येतं, कागदाबरोबर आणखी काहीतरी आलंय.

माझी बावीस वर्षं या नोकरीत गेली. अजूनही आम्ही ऑफिसातली जुनी मंडळी चौसाळ्याला हायवेवरच्या हॉटेलात चहाला जमलो की कोणीतरी म्हणतंच, “मॅडम, ते झोनचं सांगा की!”

झोन म्हणजे सरकारी भाषेत ‘कृषी विकास क्षेत्र’. काही गावं निवडायची, तिथं एकच पीक मोठ्या प्रमाणावर घ्यायचं आणि त्याच्यासाठी ठिबक, शेड, बाजार असं सगळं एका जागी आणायचं. कल्पना वाईट नव्हती. आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. आमच्या वाट्याला सीताफळ आलं, डोंगराकडेची तीन गावं आली, आणि त्या गावांतली माणसं माझ्या वाट्याला आली.

०

पहिली ग्रामसभा देवळासमोरच्या पारावर भरली. आमचे तालुक्याचे साहेब होते, पर्यवेक्षक काळे भाऊसाहेब होते आणि मध्ये खुर्चीत बप्पा होते. बप्पा म्हणजे माजी सरपंच, चाळीस-पन्नास एकरांचे मालक. आवाज असा की माईक लाजावा! साहेबांनी योजना सांगितली आणि ती गावच्या भाषेत समजावायचं काम बप्पांनी अंगावर घेतलं.

“झोन म्हनजे काय भानगड न्हाई. जमीन कुनाची जानार न्हाई. फळं आपली, रान आपलं. जमीन तुमचीच राहनार. ध्येनात घ्या, जमिनीला कुनी हात लावनार न्हाई. पुन्यांदा सांगतो, जमीन जात न्हाई!”

बायकांच्या बाजूला द्रौपदाकाकू बसल्या होत्या. पाऊण एकराचं रान, नवरा वारलेला, मुलगा अंकुश दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारा. त्या पदर सावरत उभ्या राहिल्या.

“बप्पा, जमीन जात न्हाई आसं तुमी चारदा म्हनलात.”

“मंग?”

“येकदाच म्हनला आस्तात तर इस्वास बसला आस्ता!”

अख्खा पार हसला. बप्पाही हसले. साहेब मात्र गंभीर झाले आणि परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला म्हणाले, “मॅडम, या बाईंवर लक्ष ठेवा.” मी ठेवलं. त्याचा फायदा मलाच जास्त झाला.

०

मग नकाशा आला. कुठल्या तरी ऑफिसात, कॉम्प्युटरवर, थंड खोलीत काढलेला. झोनची हद्द म्हणून एक लाल रेघ. ही रेघ ओढ्याच्या कडेनं जायची होती, पण ओढा वळला आणि रेघ सरळ गेली. ती नेमकी लिंबाजीकाकांच्या विहिरीवरून.

लिंबाजीकाका म्हणजे द्रौपदाकाकूंचे बांधशेजारी. दोन एकर रान, त्यातलं दीड एकर रेघेच्या आत. नियम असा की झोनमधल्या ठिबकला पाणी झोनमधल्याच विहिरीचं पाहिजे. काळे भाऊसाहेब शब्दाला शब्द लावून चालणारे. ते नकाशाचा कागद घेऊन विहिरीच्या काठावर उभे राहिले. कधी कागद फिरवायचे, कधी स्वतः फिरायचे.

“काका, निम्मी विहीर आत येते, निम्मी बाहेर जाते. काय करायचं?”

लिंबाजीकाका पिण्याचं पाणी शेंदायला आले होते. त्यांनी दोर हातात धरला, खाली वाकून पाहिलं आणि अगदी विचारात पडल्यासारखे म्हणाले,

“भाऊसायेब, मंग आता पोहरा कुठल्या अंगाला सोडू? झोनच्या आत, का भायेर?”

काळ्यांनी शेवटी फॉर्मवर लिहिलं, ‘पाण्याचा स्रोत: विहीर (अंशतः)’. पुढं कित्येक दिवस गावात त्या विहिरीला ‘अंशता’ म्हणायचे. “कुठं गेलतास?” “अंशताला, पानी आनायला.”

०

झोनची सगळ्यात कडक अट म्हणजे सलग क्षेत्र. रानं एकमेकांना लागून पाहिजेत, मध्ये खंड नको. खंड पडला की सगळा गट बाद. आणि पट्ट्याच्या बरोबर मधोमध द्रौपदाकाकूंचं पाऊण एकर!

त्यांना सीताफळ नको होतं. बप्पा जाऊन आले, लिंबाजीकाका जाऊन आले, पुढारी जाऊन आले. काकूंनी सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग मला पाठवण्यात आलं.

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. पाणी कमी लागतं. डोंगरातलं काटक झाड आहे. रोगराई थोडी. शेवटी आमच्या प्रशिक्षणात शिकवलेला हुकमी मुद्दा टाकला.

“काकू, आणि राखण करायची गरजच नाही. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंडसुद्धा लावत नाही!”

काकू ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं. दाराशी त्यांच्या तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. काकूंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मंग माझी शेळी काय खाईल?”

तोपर्यंत मी शेकडो बैठकांत हा मुद्दा फायदा म्हणून सांगितला असेल. कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मला सुचलाही नव्हता. त्यांच्या ज्वारीचा दाणा घरात जायचा, कडबा म्हशीला, राहिलेलं शेळ्यांना. पाऊण एकरात एवढं सगळं मावत होतं, आणि आमच्या फॉर्मवर त्याला रकाना एकच: ‘सध्याचे पीक’.

काकूच म्हणाल्या, “तुमचं काय चुकलं बाई? तुमी शेळी पाळली न्हाई.”

आठ दिवसांनी त्या आपणहून ऑफिसात आल्या. “आडून बसले तर लिंबाजी भाऊजीचं, मागच्या धा-बारा घरांचं जाईल म्हनत्यात. माझ्यामुळं कुनाचं जाऊ नये. पन झाडाच्या मधल्या जागंत मी बाजरी पेरनार. कागदावर लिवून द्या.”

मी ‘आंतरपीक: बाजरी’ असं ठळक लिहून शिक्का मारून दिला. पुढं ऑगस्टात तपासणी पथक आलं तेव्हा काकूंच्या रानात माणूस बुडेल एवढी बाजरी! पथकातले एक साहेब बांधावरून टाचा उंच करून बघत राहिले.

“अहो, यात सीताफळ आहे कुठं?”

“हाय की,” काकू म्हणाल्या. “बाजरी काढल्यावर या, दिसंल!”

०

योजनेत अल्पभूधारकांना प्राधान्य होतं. फार चांगली गोष्ट. त्यासाठी यादी आली, त्यावर फोन नंबर होते, आणि प्रत्येकाला फोन करून खात्री करायचं काम माझ्याकडं होतं.

पहिला फोन केला. आवाज ओळखीचा.

“बोला मॅडम, बप्पा बोलतोय. थोरल्याचं नाव हाय ते, माझं पोरगं.”

ठीक. दुसरा फोन. पुन्हा बप्पा! “हे मधल्याचं.” तिसरा, चौथा, पाचवा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आठ नावांपुढं एकच नंबर आहे. नियम कळल्याबरोबर बप्पांनी रानाची वाटणी करून टाकली होती. पोरं, सुना, एक भावजय. एका मोठ्या शेतकऱ्याचे आठ अल्पभूधारक झाले होते!

तरी काम म्हणजे काम. मी सहावा फोन लावला आणि नियमाप्रमाणं विचारलं, “सौ. सुनीताबाई बोलताय का?”

पलीकडं जरा खाकरल्याचा आवाज आला.

“बोला मॅडम. आता मी धाकटी सून हाय!”

फोन ठेवून मी आणि काळे भाऊसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग भाऊसाहेबांनी यादी पुढं ओढली आणि खालच्या नावांवर बोट ठेवलं. ती आठ नावं आत आल्यामुळं खालची आठ नावं त्या वर्षीच्या यादीतून बाहेर गेली होती. त्यात लिंबाजीकाकाही होते. त्यांचा नंबर पुढच्या वर्षावर गेला.

आम्ही यादी वरच्या साहेबांना दाखवली. त्यांनी तपासली. सगळं नियमात होतं. सातबारे खरे, सह्या खऱ्या, सुनाही खऱ्या.

०

प्रशिक्षणाशिवाय लाभ नाही, अशीही अट होती. आणि प्रशिक्षण ज्याच्या नावावर सातबारा त्यानंच घ्यायचं. पुण्याकडचे एक तरुण तज्ज्ञ आले. मुलगा हुशार आणि तळमळीचा. फक्त तारीख निघाली डिसेंबरात. डिसेंबरात आमचं निम्मं गाव साखर कारखान्यांच्या मागं गेलेलं असतं. हॉलमध्ये म्हातारे, सासवा आणि मी.

द्रौपदाकाकूंचा सातबारा अंकुशच्या नावावर. अंकुश बायकोसकट दूर कुठंतरी उसाच्या फडात.

काकू म्हणाल्या, “रान मी करते. मला शिकवा.”

“मावशी, सर्टिफिकेट त्यांच्या नावानं निघतं,” तज्ज्ञ ओशाळून म्हणाले. मग त्यांनीच मार्ग काढला. अंकुशला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल टेबलावर ठेवून धडा सुरू! विषय छाटणी. फांदी कुठं ओळखायची, काप कसा तिरका द्यायचा, हत्याराला धार कशी पाहिजे. सगळं मन लावून सांगितलं. अंकुश मधून मधून “हां, हां” म्हणत होता. त्याच्यामागं पाचट तुडवल्याचा आवाज येत होता.

शेवटी तज्ज्ञांनी काळजीनं विचारलं, “अंकुशभाऊ, हत्यार धरायची सवय आहे ना? छाटणी जमेल ना तुम्हाला?”

पाचट तुडवायचा आवाज थांबला. मग आवाज आला. खट्! खट्! खट्! उसाच्या बुडख्यावर कोयत्याचे तीन घाव.

“आयकू आलं का सर?”

काकू मान खाली घालून बांगडी फिरवत होत्या. तज्ज्ञांनी सर्टिफिकेटवर अंकुशचं नाव लिहिलं. मग आणखी एक कोरं सर्टिफिकेट काढलं, त्यावर ‘श्रीमती द्रौपदाबाई’ असं लिहिलं आणि ते काकूंना उभं राहून दिलं. त्याचा योजनेत काही उपयोग नव्हता. काकूंच्या घरात ते अजून भिंतीवर आहे.

०

झाडं फळाला आली तेव्हा मालाची प्रतवारी करायला केंद्र उभं राहिलं. अट ‘डांबरी रस्त्यालगत’. डांबरी रस्त्यालगत रान बप्पांचं, म्हणून केंद्रही तिथंच. लहान शेतकऱ्यांना दोन किलोमीटर क्रेट वाहून न्यावं लागे, पण केंद्र चांगलं होतं. स्वच्छ, पत्र्याचं, काटा नवा. दारावर बोर्डही नवा: ‘शनिवार व रविवार सुट्टी’.

सीताफळ कसं असतं ते बीडच्या माणसाला सांगायला नको. सालीवरचे डोळे उघडले की तोडायचं, आणि तोडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवायचं. नाहीतर हातात लगदा!

एका शनिवारी सकाळी मी लिंबाजीकाकांच्या रानात गेले. वर्षभर उशिरा लावलेली त्यांची झाडं पहिल्यांदाच लदबदली होती. काका एका झाडासमोर हात मागं बांधून उभे आणि मोठ्यानं काहीतरी बोलत होते.

“काय चाललंय काका?”

“नोटीस वाचून दावायलोय मॅडम,” ते वळले नाहीत. झाडाला म्हणाले, “आईक रं बाबा. आजपस्तोर केलं ते केलं. सरकारचा हुकूम हाय. शनवार-आईतवार पिकायचं न्हाई!”

त्या आठवड्यात त्यांनी आणि काकूंनी टोपल्या भरल्या आणि हायवेच्या कडेला बसून फळं विकली. मी सुट्टीबद्दल तीन पत्रं लिहिली. पुढच्या हंगामात बोर्ड बदलला: ‘रविवार सुट्टी’. लिंबाजीकाका म्हणाले, “निम्मं तर आयकलं!”

०

एक प्रसंग मी सहसा चहाच्या टेबलावर सांगत नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही.

चौथ्या वर्षी झाडं दाटली. सावलीत बाजरी येईना, तशी ज्वारीही येईना. म्हैस तोपर्यंत गेली होती, एक शेळी राहिली होती. फळ मात्र खरंच चांगलं आलं होतं. काकूंनी घरावर नवे पत्रे टाकले. अंकुश त्या साली ऊसतोडीला गेला नाही, पहिल्यांदाच. हे झोनमुळं झालं आणि ते मी साहेबांना अभिमानानं सांगितलंही.

त्याच दिवसांत बाजाराच्या दिवशी काकू मला त्यांच्या घरासमोर भेटल्या. रिक्षातून ज्वारीचं पोतं उतरवून घेत होत्या. मी एक टोक धरलं.

“काकू, आता बरं चाललंय ना?”

“बरं हाय की. खोटं कावून बोलू?” त्या पोत्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. दम लागला होता. “पन बाई, लग्न होऊन आल्यापून पहिल्यांदा इकतची जवारी घरात चालली. घरच्या रानातलं पोतं उचलताना ह्येवढं जड कंदी लागलं न्हाई.”

एवढंच. मग आम्ही पोतं आत नेलं.

०

आणि आता शेवटचा.

पाचव्या वर्षी झोनचं मूल्यमापन करायला वरून एक अधिकारी आले. पन्नाशीचे, शांत, भाषा अगदी पुस्तकी. त्यांच्या टॅबवर उपग्रहातून काढलेलं चित्र होतं. झोन हिरवा दिसत होता. आमचे साहेब खूश! पण हे अधिकारी चित्रावर बोट ठेवून म्हणाले, “झोनच्या हद्दीबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, हा एक हिरवा पट्टा दिसतो आहे. येथे कोणती योजना राबवली होती?”

कुठलीच नव्हती. ते गायरान होतं. म्हणजे सरकारी चराईची जमीन. तिथं सात-आठ घरं दोन पिढ्यांपासून रान कसत होती, पण त्यांच्या नावावर सातबारा नाही. सातबारा नाही म्हणजे आमच्या कुठल्याच यादीत नाव नाही. मीसुद्धा इतक्या वर्षांत तिथं दोनदाच गेले होते.

ते अधिकारी आणि मी, आम्ही दोघंच गेलो. जीप खाली ठेवून पायी चढलो. कार्तिकातली सकाळ, आभाळ धुतल्यासारखं. वर गेलो आणि बघत राहिलो. दगडांचे लहान लहान बांध, मागं साचवलेली माती, आणि त्यात सीताफळाची झाडं. ठिबक नाही, कलम नाही, पण फळ लागलेलं. मधल्या जागेत तूर, कडेला शेळ्यांसाठी गवत.

सखुबाई नावाच्या एक आजी झाडाखाली फळं निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या.

“मावशी, ही झाडे आपण कोणत्या योजनेतून लावली?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“येवजनेतून न्हाई सायेब,” सखुबाई म्हणाल्या. “पावसातून.”

“म्हणजे?”

“तुमी तिकडं खाली लावायलेत ते बघितलं. आमाला कोन देतंय? डोंगरातल्या फळाच्या बिया आनल्या आन् पाऊस बघून टोचल्या. बायकांनीच.”

अधिकारी दगडावर बसले. सखुबाईंनी फळ फोडून दिलं. त्यांनी ते सावकाश खाल्लं. मग टॅब उघडून त्यांना चित्र दाखवलं. ही तुमची झाडं, आकाशातून अशी दिसतात. कौतुकानं दाखवलं. मला वाटलं, आजी हरखतील.

त्यांचा चेहरा पार उतरला.

“वरनं दिसत्यात?”

“हो. अगदी स्पष्ट.”

“मंग तुमी आता लिवनार?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “मॅडम, मागं आशीच मोजनी झाल्ती. लिवून नेलं आन् महिन्यात नोटिसा आल्या. जागा सोडा म्हनून. दोन घरं गेली तवा. सायेब, हात जोडते. झोन नगं, शेड नगं, काय सुदीक नगं. आमाला दिसू नगा देऊ.”

खाली कुणाची तरी शेळी ओरडली. अधिकाऱ्यांनी हात रुमालाला पुसले, टॅब मांडीवर घेतला आणि त्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं. शेऱ्याचा रकाना उघडला. मी शेजारीच होते, त्यांनी लपवलं नाही. एकेक अक्षर निवडत त्यांनी लिहिलं: ‘ढगाळ वातावरणामुळे चित्र अस्पष्ट.’

“काय लिवलं?” सखुबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. आजींनी कपाळावर हाताची सावली धरली आणि वर पाहिलं. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत निळंशार आभाळ. पाखरूसुद्धा नाही.

“ढग कुठं हायेत सायेब?”

अधिकाऱ्यांनी टॅब बंद केला. तेही वर बघू लागले.

“हायेत,” ते म्हणाले.